ऊन असेतो पंचवीस, दिवे लागले की एक्केचाळीस

खरखर | शुक्रवार, रात्री ९:४०

आमच्या घरी रेडिओ माजघरातल्या फळीवर असायचा, क्रोशाच्या रुमालाखाली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या तारेची विणलेली जाळीची पट्टी ताणलेली, ती एरियल. रेडिओला हात फक्त बाबांनी लावायचा. त्यांचा एक नियम होता, "ऊन असेतो एकोणीस नाहीतर पंचवीस, दिवे लागले की एक्केचाळीस." म्हणजे दिवसा काटा १९ किंवा २५ मीटरच्या पट्ट्यावर आणि संध्याकाळी आई देवापाशी दिवा लावायला उठली की बाबा काटा ४१ मीटरवर नेणार. असं का, हे विचारलं की ठरलेलं उत्तर, "हवा तशी असते."

आम्ही भावंडं या उत्तराला हसायचो. पुढे परीक्षा देऊन हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेखातर रेडिओवरून बोलायचा परवाना काढला, गच्चीवर तार टांगली, तेव्हा कळलं की बाबा अक्षरशः खरं बोलत होते. हवाच तशी असते, फक्त ती आपल्या डोक्यावर साठ किलोमीटरपासून पुढे असते.

परवाचंच सांगतो. सोसायटीच्या गच्चीवर माझी वीस मीटरची तार आहे, पाण्याच्या टाकीच्या पाइपापासून लिफ्टच्या खोलीपर्यंत. (चेअरमनना ती कपडे वाळत घालायची दोरी वाटते. मीही गैरसमज दूर केलेला नाही.) ही लांबी ७ मेगाहर्ट्झसाठी, पण तिप्पट फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे २१ वरही ती गुण दाखवते. सूर्य कलता कलता २१ वर इटलीतला एक गडी लागला. माझ्याकडून शंभर वॉट, म्हणजे जुने साठवाले पिवळे बल्ब दोन लावले तरी जास्त होतील. मध्ये सहा हजार किलोमीटर आणि पृथ्वीची गोलाई. रेडिओलहर सरळ रेषेत जाते, मग ती वाकली कशी?

सूर्याची अतिनील आणि क्ष किरणं वरच्या विरळ हवेतल्या अणूरेणूंमधले इलेक्ट्रॉन उडवून लावतात. हे सुटे इलेक्ट्रॉन थराथराने साचतात, या सगळ्या थरांना मिळून आयनोस्फिअर म्हणतात. सगळ्यात खाली डी थर, साधारण ६० ते ९० किलोमीटरवर. त्यावर ई, शंभरच्या आसपास. त्याच्याही वर एफ, दीडशेपासून पार चारपाचशेपर्यंत. लांबचं बोलणं बहुतेक वेळा एफच्या भरवशावर चालतं.

"आयनोस्फिअर म्हणजे आरसा" असं शाळेच्या पुस्तकात असतं. मला मृगजळ जास्त पटतं. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर पाणी दिसतं तिथे आरसा नसतो, तापलेल्या हवेत उजेड थोडा थोडा वळत जातो आणि शेवटी उलटा फिरतो. वर तेच उलट्या बाजूने होतं. लहर जशी दाट इलेक्ट्रॉनांत शिरते तशी वळत जाते आणि खाली परतते. किती फ्रिक्वेन्सीपर्यंत परतेल याचं गणित पोस्टकार्डावर मावतं: एका घनमीटरमध्ये किती इलेक्ट्रॉन त्याचं वर्गमूळ काढा, नऊने गुणा, उत्तर हर्ट्झमध्ये. एकावर बारा शून्यं इतके इलेक्ट्रॉन असले तर नऊ मेगाहर्ट्झ. सरळ वर फेकलेली याहून जास्त फ्रिक्वेन्सीची लहर भोक पडल्यासारखी अवकाशात निघून जाते.

मग माझं २१ कसं चाललं? तर तिरकं फेकलं म्हणून. तळ्यावर चपट्या दगडाने भाकऱ्या काढताना दगड उभा टाकला तर डुबुक, निजवून टाकला तर चार टप्पे. तसंच. क्षितिजालगत सोडलेली लहर सरळ वरच्या मर्यादेच्या तिप्पट फ्रिक्वेन्सीपर्यंत खाली येऊ शकते आणि एफवरून एका टप्प्यात तीनेक हजार किलोमीटर जाते. इटलीला दोन टप्पे, फार तर तीन.

आता बाबांचा नियम. तीनशेला मीटरने भागलं की मेगाहर्ट्झ येतात, म्हणजे २५ मीटर हे १२ आणि ४१ मीटर हे साधारण सव्वासात. दिवसा तो खालचा डी थर आडवा येतो. तिथे हवा त्यातल्या त्यात दाट. लहरीने इलेक्ट्रॉन हलवला, पण त्याने ती ऊर्जा परत द्यायच्या आत तो शेजारच्या रेणूवर आपटतो, ऊर्जा उष्णतेत गेली. हा कर कमी फ्रिक्वेन्सीला जास्त पडतो, फ्रिक्वेन्सी निम्मी केली की चौपट. म्हणून दिवसा वरची फ्रिक्वेन्सी, लहान मीटर. सूर्य बुडाला की डी थर बघता बघता विरतो, कर माफ. पण वर एफमधले इलेक्ट्रॉनही कमी होत जातात आणि १५ मेगाहर्ट्झची लहर आता वळत नाही, निसटते. म्हणून रात्री खाली यायचं, मोठ्या मीटरवर. एक मर्यादा खालून, एक वरून, आणि दोन्ही दिवसभर हलतात. बाबा त्या फटीतून काटा फिरवत होते.

त्यांना यातलं काहीही माहीत नव्हतं, याचंच मला अप्रूप वाटतं.

---

उपवासाची_मिसळ | शुक्रवार, रात्री १०:१२

मस्त लिहिलंय! आमच्याकडे बुधवारी रात्री आठला गीतमाला, आणि आजोबांना बातम्या हव्या असायच्या म्हणून भांडण. दोन प्रश्न. रात्री डी जातो मग एफ का राहतो, सूर्य तर दोघांनाही नाही? आणि गाण्याच्या ऐन कडव्याला आवाज विहिरीत गेल्यासारखा खोल जायचा आणि पुन्हा वर यायचा, ते काय असतं?

---

खरखर | शुक्रवार, रात्री १०:३५

मिसळताई, डी थर म्हणजे संध्याकाळी सहाचं दादर. सुटलेला इलेक्ट्रॉन लगेच कोणाला तरी धडकतो आणि पकडला जातो. एफ थर म्हणजे माळरान, मैलोन्‌मैल चिटपाखरू नाही. जोडीदार सापडेपर्यंत रात्र सरते. पहाटे सूर्योदयाच्या जरा आधी एफ सगळ्यात रोडावलेला असतो.

आवाज खोल जायचं कारण असं की तुमच्या एरियलवर एकच लहर येत नाही. एक एका टप्प्यात आलेली, दुसरी दोन टप्प्यांत, तिसरी जरा वेगळ्या उंचीवरून. त्या एकमेकींत मिसळतात, कधी बेरीज, कधी वजाबाकी. वरचा थर तळ्यासारखा हलत असतो, त्यामुळे बेरजेची वजाबाकी व्हायला काही सेकंद पुरतात. आम्ही मात्र रेडिओला थापट्या मारायचो.

---

नाठाळ | शुक्रवार, रात्री ११:०५

लेख ठीक. पण आता सॅटेलाइट आहे, समुद्राखाली केबल आहे, नातू व्हॉट्सअ‍ॅपवरून फुकट व्हिडिओ कॉल करतो. हे सगळं स्मरणरंजन झालं. कोणाला उपयोग आहे याचा?

---

प्लाझ्मा_पोरगी | शुक्रवार, रात्री ११:५०

@नाठाळ, तुमच्या मोबाईलमधला जीपीएस याच थरांतून येतो हो. १५७५ मेगाहर्ट्झची लहर अडत नाही, पण इलेक्ट्रॉनांतून येताना किंचित रेंगाळते आणि तेवढ्याने जागा काही मीटर चुकते, वाईट दिवशी कितीतरी जास्त. विमान उतरवताना हे चालत नाही. आपल्या 'गगन' यंत्रणेत देशभरच्या केंद्रांवरून ही चूक मोजतात आणि दुरुस्ती उपग्रहामार्फत विमानाला पाठवतात.

आणि भारतात हे काम जास्त अवघड, कारण आपण विचित्र जागी बसलोय. चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय रेषा जिथे जमिनीला समांतर असतात ती रेघ, आपल्या दक्षिण टोकावरून जातं. २१ नोव्हेंबर १९६३ ला पहिलं रॉकेट केरळातल्या थुंब्याहूनच का सोडलं, तर हेच कारण. दिवसा तिथले इलेक्ट्रॉन विद्युत आणि चुंबकीय क्षेत्राच्या कैचीत सापडून वर उचलले जातात, कारंज्यासारखे, आणि चुंबकीय रेषांवरून घसरत दोन्ही बाजूंना उतरतात. गंमत म्हणजे सूर्य डोक्यावर असलेल्या थुंब्यापेक्षा गुजरात-मध्य प्रदेशाच्या वर दुपारी इलेक्ट्रॉन जास्त सापडतात. आपला महाराष्ट्र त्या चढणीवर. म्हणून पुण्यातून दक्षिणेकडे लागलेलं स्टेशन आणि उत्तरेकडे लागलेलं स्टेशन यांचे नखरे वेगळे.

शिवाय सूर्यास्तानंतर दोनतीन तासांत थराच्या तळाशी बुडबुडे तयार होऊन वर चढतात, त्यातून येणारा उपग्रहाचा सिग्नल ताऱ्यासारखा लुकलुकतो. माझ्या पीएचडीची साडेचार वर्षं या बुडबुड्यांनी खाल्ली आहेत, त्यामुळे इथेच थांबते.

जाता जाता: खरखर काका, मृगजळाची उपमा मी गाइडना सांगणार आहे, तुमच्या नावाशिवाय.

---

कोकण्या | शनिवार, सकाळी ७:२०

आयनोस्फिअरची खरी करामत आम्ही पाहिलेय. ऐंशीच्या दशकात रत्नागिरीत आमच्या बांबूला बांधलेल्या एरियलवर पावसाळ्याच्या आधी पाकिस्तानचा टीव्ही दिसायचा! नाटकं इतकी छान की आई मुंबईपेक्षा कराची लागावं म्हणून बसायची.

---

खरखर | शनिवार, सकाळी ८:०५

कोकण्या, गोष्ट शंभर टक्के खरी, पण चोर दुसरा. ही करामत खालच्या हवेची, पहिल्या काहीशे मीटरांतली. समुद्रालगत दमट गार हवा आणि तिच्यावर वाळवंटाकडून आलेली कोरडी गरम हवा असे दोन पापुद्रे झाले की मध्ये नळी तयार होते. टीव्हीची लहर त्या नळीतून समुद्रावरून घरंगळत येते. अरबी समुद्र यासाठी जगप्रसिद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धात मुंबईतल्या रडारवर थेट अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी उमटले होते.

ई थरात मात्र अधूनमधून दाट ठिगळं पडतात, त्यांच्यावरूनही टीव्हीची लहर हजारदोन हजार किलोमीटर जाते. पण ती गंमत थोड्या वेळाची. तासन्‌तास नाटक दिसत असेल तर नळीच.

---

तारमास्तर | शनिवार, दुपारी ३:३०

वय ७९. मोबाईलवर एका बोटाने टाइप करतो, चुका पोटात घाला.

मी १९६७ पासून परदेशी दूरसंचाराच्या खात्यात होतो, पुण्याजवळच्या केंद्रावर. तेव्हा लंडनचा फोन म्हणजे शॉर्टवेव्हच. खरखर यांच्या वडिलांचा नियम आमच्या टेबलावर काचेखाली वेळापत्रक म्हणून असायचा. रात्रपाळीच्या माणसाने सूर्यास्ताच्या सुमाराला फ्रिक्वेन्सी बदलायची, समोरच्यानेही त्याच मिनिटाला बदलायची. पाच मिनिटं चुकामूक झाली की तारांचा ढीग.

याची सुरुवात मात्र त्याआधीची. १९२७ साली मार्कोनी पद्धतीची बीम सेवा सुरू झाली, म्हणजे लहर झोतासारखी एकाच दिशेला सोडायची, इंग्लंड आणि हिंदुस्थान. आपल्याकडून पाठवणं खडकीहून आणि ऐकणं दौंडला. पाठवणारा आणि ऐकणारा शेजारी बसवता येत नाही, बोंब मारणाऱ्याच्या मांडीवर बसून कुजबुज ऐकता येईल का? दिवसा साधारण सोळा मीटर, रात्री चौतीस. बघा, तोच नियम. त्याआधी समज असा की लांब जायचं तर लांब लहर आणि मैलभर तारांचं जाळं. शॉर्टवेव्हने त्याच्या मानाने थोड्या विजेत काम केलं. पुढे १९७१ ला नारायणगावजवळ आर्वीला उपग्रह केंद्र झालं आणि आमच्या वेळापत्रकाचं महत्त्व ओसरलं. आर्वीची तबकडी पाहायला आम्ही एसटीने गेलो होतो, डबे घेऊन. परत येताना कोणी फारसं बोललं नाही.

दुसरं. १९४२ मध्ये उषा मेहता आणि मंडळींनी मुंबईत जो गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, तो ४२.३४ मीटरवर. तीनशे भागिले ४२.३४ करा. ७.०९ येतात. म्हणजे आज हॅम लोक गप्पा मारतात त्याच पट्ट्यात. माझा आपला अंदाज, खुद्द मुंबईत तो जमिनीलगतच्या लहरीने ऐकू जात असणार आणि रात्री मधलं बरंच सोडून लांब कुठेतरी उतरत असणार. जागा सारख्या बदलूनही १२ नोव्हेंबरला पोलिसांनी गाठलंच. जमिनीलगतची लहर माग देते.

---

उपवासाची_मिसळ | शनिवार, दुपारी ४:१०

तारमास्तर, दंडवत. "परत येताना कोणी फारसं बोललं नाही" इथे थांबले. यावर वेगळा धागा काढा ना, प्लीज.

---

ओस्लोकर | शनिवार, रात्री ८:४५

नॉर्वेहून. इथे लोक विचारतात अरोरा (ध्रुवीय प्रकाश) कुठे दिसेल, आमच्यासारखे रेडिओवाले विचारतात कधी संपेल. हिरवा पडदा आकाशात नाचायला लागला की उत्तरेच्या वाटेने येणारी स्टेशनं गप्प. ध्रुवाकडे सूर्याचे कण थेट खाली घुसतात आणि ऐन रात्रीही डी थरासारखा थर उभा करतात. आईला आकाशाचे फोटो पाठवले, ती म्हणाली किती सुंदर. मी तेव्हा हेडफोन काढून बसलो होतो, पूर्ण शुकशुकाट.

१० मे २०२४ च्या वादळात तर लडाखच्या हानलेवरून तांबडं आकाश दिसलं. तेव्हा तुमच्याकडे काय परिस्थिती होती?

---

खरखर | शनिवार, रात्री ९:३०

त्या वादळात वरचे पट्टे बसले ते बसलेच. वादळात एफ थराची रचनाच बिघडते, इलेक्ट्रॉन घटतात आणि सावरायला दिवस लागतात. पण माझी फजिती झाली ती वेगळ्या प्रकाराने, वादळाने नाही.

एका रविवारी सकाळी अकराची गोष्ट. १४ मेगाहर्ट्झवर छान गप्पा चालल्या होत्या आणि समोरचा वाक्याच्या मध्ये गेला. फक्त तो नाही, सगळेच. हेडफोनमध्ये नुसता फुस्स आवाज, तोही नेहमीपेक्षा कमी. मी म्हटलं एरियल तुटली. गच्चीवर गेलो, तार शाबूत. खाली येऊन केबलचं टोक कापलं, नवा प्लग डाग देऊन बसवला, बोट भाजलं. मीटरवर सगळं बरोबर. सेटचं झाकण उघडून स्क्रू वाटीत ठेवले तेवढ्यात हिने विचारलं, जेवायचं का. जेवून आलो तर सगळी स्टेशनं हजर! सूर्यावर मोठी ज्वाळा उठली होती. तिची क्ष किरणं आठ मिनिटांत पोचतात, उजेडाच्याच वेगाने, आणि उन्हातल्या बाजूचा डी थर एकदम दाट करतात. कर शंभर टक्के. तासाभरात ओसरतं. रात्रीच्या बाजूला असलेल्यांना पत्ताही लागत नाही. तेव्हापासून शुकशुकाट झाला की आधी सूर्याचं काय चाललंय ते बघतो, मग स्क्रूड्रायव्हर.

---

अलिबागची_लेक | शनिवार, रात्री १०:२०

चुंबकीय वादळांचा विषय निघालाच आहे तर आमचं गाव पुढे करते. अलिबागची चुंबकीय वेधशाळा आधी मुंबईत कुलाब्याला होती. १८५९ च्या सप्टेंबरातलं ते गाजलेलं सौर वादळ तिथल्या नोंदींत आहे, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात सोळाशे नॅनोटेस्लाची (हे ते मोजायचं एकक) घसरण. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने काटे हलतील म्हणून १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली. इमारतीला लोखंड वर्ज्य. मे २०२४ चं वादळही तिथे नोंदलं गेलंच.

तेव्हा यापुढे कोणी "अलिबागहून आलायस का?" असं विचारलं तर "हो, आणि तुझ्या आधी मला कळतं" असं सांगायचं.

---

नाठाळ | रविवार, सकाळी ९:००

अलिबागवाल्या ताईंना +१. बरं, माघार घेतो, अर्धी. पण शॉर्टवेव्ह ऐकायला उरलंय काय? बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह २०२० ला बंद झालं.

---

खरखर | रविवार, सकाळी १०:१५

खरं आहे, स्टेशनं घटली. पण गरज संपली नाही. १९९३ ला लातूरच्या भूकंपात हॅम मंडळी सेट घेऊन गेली होती. २००४ च्या त्सुनामीच्या वेळी हॅमची एक तुकडी योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्येच होती, बाकी सगळं तुटलं तेव्हा त्यांच्या सेटवरून मुख्य भूमीपर्यंत निरोप गेले. मध्ये टॉवर नाही, केबल नाही, भाडं नाही.

आणि सह्याद्रीत तर एक खास युक्ती चालते. तार मुद्दाम बुटकी बांधायची, डोक्याच्या थोडी वर, आणि ७ किंवा त्याखालच्या फ्रिक्वेन्सीने लहर सरळ वर सोडायची. ती छत्रीसारखी चहूकडे खाली येते. घाटमाथा मध्ये असला तरी पुणे-चिपळूण बोलणं होतं, जे हातातल्या वॉकीटॉकीने सात जन्मात होणार नाही.

आणखी एक, केसकर प्रकरण आठवलं म्हणून. बाळकृष्ण केसकर १९५२ ला माहिती-प्रसारण मंत्री झाले, सरकारी रेडिओवरून सिनेसंगीत हद्दपार झालं आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले. कोलंबो इथून दीडएक हजार किलोमीटर, एफवरून एका टप्प्याचं अंतर. त्यात सूर्यावरचे डाग अकरा वर्षांच्या फेऱ्यात वाढतात, त्यातलं १९५७-५८ चं शिखर नोंदींमधलं सर्वांत मोठं. मंत्र्यांनी गाणी अडवली तेव्हा सूर्य नेमका सिलोनच्या बाजूने होता. विविध भारती सुरू झाली ऑक्टोबर १९५७ ला.

---

तारमास्तर | रविवार, दुपारी १:४०

मीडियमवेव्हला विसरू नका. त्याला दिवसा डी थर गिळतो म्हणून सांगलीचं केंद्र दिवसा सांगलीच्या आसपास. रात्री तोच पट्टा देशभर पसरतो. १९८८ ला रात्रीचं राष्ट्रीय प्रसारण सुरू केलं ते नागपूरच्या एक हजार किलोवॉटच्या प्रक्षेपकावरून, १५६६ किलोहर्ट्झ. देशाच्या मधोमध जागा आणि रात्रीची वेळ, दोन्ही विचारपूर्वक. आता ते प्रसारण नाही.

---

उपवासाची_मिसळ | रविवार, संध्याकाळी ६:०५

माळ्यावरून सासऱ्यांचा ट्रान्झिस्टर काढलाय. सेल टाकायच्या जागी हिरवं जमलं होतं, लिंबाने साफ केलं. चालू झाला! पण नुसती गुर्रगुर्र. काय करू?

---

खरखर | रविवार, संध्याकाळी ६:२०

घरातले एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर, वायफायचा डबा बंद करा. ही गुर्रगुर्र आकाशातली नाही, तुमच्या हॉलमधली आहे. तरी राहिली तर गच्चीत जा आणि पाचसहा मीटर साधी वायर ट्रान्झिस्टरच्या दांडीला गुंडाळून दुसरं टोक कठड्यावरून सोडा. आत्ता सूर्य बुडतोय, २५ वर आधी बघा. जमेल तसं खालच्या फ्रिक्वेन्सीला, म्हणजे मोठ्या मीटरकडे उतरत जा.

---

उपवासाची_मिसळ | रविवार, रात्री ९:२५

गच्चीत आहे. २५ वर सात वाजता कोणीतरी चिनी बाई होती, आठला बारीक होत होत गेली. मग ४१ वर गेले. एक पुरुष बोलतोय, अरबी किंवा फारसी असावं, मध्येच सनईसारखं काहीतरी वाजतं. आवाज खोल जातो आणि येतो, अगदी तसाच. सासूबाई जिना चढून वर आल्यात, खुर्ची मागतायत.

---

खरखर | रविवार, रात्री ९:२७

काट्याला हात लावू नका. वायरचं टोक कुठल्या दिशेला सोडलंय?